बर्फाच्या नळीवरचा नट

१

रविवारी सकाळी बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांचं पहिलं पाऊल थेट पाण्यात पडलं. चप्पल तरंगेल एवढं पाणी. जमिनीच्या लाकडी फळ्या जागोजागी फुगून वर आल्या होत्या, आणि दोन दिवसांपूर्वी आलेला नवाकोरा फ्रिज मधोमध साळसूदपणे उभा होता.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. अशा वेळीही आवाज वर्गातलाच. "दादा, उठू नकोस! आहेस तिथेच बस!"

पण दादा, त्यांचे थोरले भाऊ, तोवर दारात आले होते. पाय सटकला आणि ते धपकन बसले. हाडं वाचली, पण कोपर चांगलंच सोलवटलं.

हा फ्रिज काही मिरवायला आणलेला नव्हता. दादांच्या मूत्रपिंडांनी मान टाकली होती आणि डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं होतं, दिवसाला चार कप. घसा कोरडा पडला की दादा बर्फाचा एक खडा तोंडात धरायचे आणि तो विरघळेपर्यंत डोळे मिटून बसायचे. त्या बर्फाचे साचे भरून भरून बाईंची मनगटं भरून यायची. शेवटी बाईंच्या मुलाने आपला आपण बर्फ पाडणारा फ्रिज मामासाठी आणला. त्याला घरातलं पाणी जोडून द्यायला नळकाम करणारी ताई बोलावली.

या ताईला घरी बबडी म्हणत. वय एकतीस, हातात एक मणाचा पाना, आणि नाव बबडी! शुक्रवारी तिने सिंकखालच्या थंड पाण्याच्या पाइपला जोड दिला, त्यावर एक छोटा कॉक बसवला आणि तिथून करंगळीपेक्षा बारीक पांढरी नळी कपाटातून फ्रिजच्या मागे नेली. नळी जोडण्याआधी तिच्यातून बादलीभर पाणी वाहू दिलं. फ्रिज पुढेमागे करता यावा म्हणून मागे नळीचे तीन वेढे ठेवले आणि कापडाच्या पट्टीने बांधले. जाताना दारावर चिठ्ठी लावली, पहिल्या तीन वेळचा बर्फ फेकून द्या. एवढं निगुतीने केलेलं काम, आणि रविवारी घराचं तळं झालं.

बाईंच्या मुलाने फोनवर बबडीला नको नको ते ऐकवलं. संध्याकाळपर्यंत आजूबाजूच्या चार घरांना कळलं. सोमवारी सकाळी बबडीने हत्यारांची पिशवी कपाटावर टाकली आणि चहा पिता पिता वडिलांना सांगितलं, "बाबा, मी हे काम सोडतेय. कपड्यांच्या दुकानात जागा आहे. पुढच्या सोमवारपासून जाते."

बबडीच्या वडिलांना सगळे मास्तर म्हणायचे. चाळीस वर्षं नळकाम केलं, कितीतरी जणांना शिकवलं, आणि तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा सगळी गिऱ्हाइकं लेकीच्या हवाली केली. शिकवलेल्यांपैकी तिच्यासारखा हात त्यांनी दुसऱ्या कुणाचा पाहिला नव्हता. हे त्यांनी तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं, हा भाग वेगळा.

"चुकलं असेल तर दुरुस्त करायचं," मास्तर म्हणाले. "काम काय सोडायचं? नट ढिला राहिला होता का?"

"असेल."

"असेल म्हणजे? शुक्रवारी संध्याकाळी तुझी विसरलेली बॅटरी आणायला मी गेलो होतो की नाही? स्वतः हात लावून बघितलंय मी. सगळं घट्ट, ठणठणीत होतं!"

बबडीने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग कप विसळायला उठली.

मास्तर बसून राहिले. एका वायसरवरून बापाशी तीन दिवस भांडलेली ही पोरगी. ती नुसतं 'असेल' म्हणून गप्प बसते? कुठेतरी पाणी मुरत होतं. मास्तरांनी काठी उचलली. लेकीचं काम वाचवायचं तर हाताशी एकच आठवडा होता.

२

बाईंच्या घरी फ्रिज भिंतीपासून पुढे ओढलेला होता. मास्तर एका हाताने ओटा धरून कण्हत कण्हत खाली बसले आणि सिंकपासून सुरुवात करून इंच न् इंच बघत गेले.

पाइपवरचा जोड कोरडा. छोटा कॉक शाबूत. पांढऱ्या नळीला ना चीर ना मोड. तीन वेढे जसेच्या तसे, बबडीच्या गाठीसकट. मास्तरांना मनातल्या मनात बरं वाटलं. मग ते नळीच्या टोकाशी पोचले आणि थबकले.

टोक मोकळं होतं. फ्रिजच्या पाठीवरचं पितळी तोंडही उघडं पडलं होतं. नळी त्या तोंडाला जोडून धरतो तो नट जागेवर नव्हता.

"बाई, इथला नट कुणी काढला?"

"कसला नट?"

"पांढरा, प्लॅस्टिकचा. अंगठ्याच्या पेराएवढा."

बाईंनी चष्मा सावरून सगळं घर पालथं घातलं. फ्रिजखाली, कचऱ्याच्या डब्यात, फडक्यांच्या बादलीत, ओट्याच्या फटीत. नट नव्हता.

मास्तर भिंतीला टेकून विचार करू लागले. आपोआप निखळलेला नट तिथेच खाली पडतो. तो घराबाहेर चालत जात नाही. म्हणजे कुणीतरी उचलला. आणि एवढासा प्लॅस्टिकचा नट मुद्दाम उचलून नेणारा माणूस एकच असू शकतो. त्या नटात काय दिसतंय हे ज्याला कळलं, तो.

३

दुपारी बाईंचा मुलगा जेवायला आला. मास्तरांना बघून त्याच्या कपाळावर आठी पडली.

"लेकीची बाजू घ्यायला आलात ना?"

"नट शोधायला आलोय," मास्तर म्हणाले. "रविवारी पाणी कसं बंद केलंत तुम्ही?"

"धावत खाली गेलो आणि अख्ख्या घराचा मोठा कॉक बंद केला. दुसरं काय करणार?"

"सिंकखालचा छोटा का नाही?"

मुलगा गोंधळला. "तिथे छोटा आहे?"

मास्तरांनी त्याला मनातून वगळलं. छोटा कॉक कुठे आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो फ्रिजमागच्या नटाच्या वाटेला कशाला जाईल? तरी एक प्रश्न राहिला होता. शुक्रवारी बबडीने फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे ठेवला होता, रात्री घरातल्या माणसाने तो मागे सरकवायचा होता.

"मागे कधी ढकललात?"

"नऊला. जेवण झाल्यावर. अलगद ढकलला हो, सांगितलं होतं तसाच. आणि ढकलण्याचंच म्हणाल तर शनिवारी कंपनीचा माणूसही आला होता. फ्रिज डुगडुगत होता म्हणून. त्याला विचारा की!"

त्याला विचारायची गरज पडली नाही. बाई मध्येच म्हणाल्या, "तो पालथा पडून पुढचे दोन पाय फिरवून गेला. मागे गेलाच नाही. मी डोक्यावर उभी होते. परीक्षेच्या वर्गात हयात गेली माझी, मास्तर. माझ्यादेखत कुणी काही करेल का?"

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांनाही जरा शाळेत बसल्यासारखं वाटलं. "मग रविवारी फ्रिजमागे कोण कोण गेलं?"

"फक्त तुमची लेक. फोन गेल्यावर अर्ध्या तासात हजर. एक अक्षर उलटून बोलली नाही. तीन तास जमीन पुसत होती बिचारी." बाईंचा आवाज खाली आला. "मध्ये एकदा मात्र तिथे मागेच बसून राहिली. हातात काहीतरी बारीकसं होतं. खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून बघत होती. मग खिशात टाकलं. मला वाटलं, पोरगी रडतेय, आपण बघू नये. म्हणून मी तोंड फिरवलं."

ज्या नटासाठी बाईंनी घर पालथं घातलं, तो मास्तरांच्याच घरात होता. चूक कुणाचीही होते, त्यांच्याही हातून झाल्या होत्या. पण चूक लपवायला त्यांनी कुणालाच शिकवलं नव्हतं, बबडीला तर नाहीच. ते काठी शोधू लागले आणि काठी तर हातातच होती.

४

"मास्तर, जरा माझ्यापाशी बसता का?" आतल्या खोलीतून दादांनी हाक मारली.

दादांची खुर्ची स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होती. हे दादा एके काळी घड्याळं दुरुस्त करायचे. आता बोटं थरथरत होती, पण कान अजून धंद्यावर होते. समोरच्या वाटीत साच्यातल्या बर्फाचा एकच खडा होता आणि ते त्याच्याकडे बघत होते, इतक्यात तोंडात टाकायचा की अजून थोडं थांबायचं.

"चूक माझी आहे," दादा म्हणाले. "मला ऐकू येत होतं. मी बोललो नाही."

"काय ऐकू येत होतं?"

"थेंब. या भिंतीमागे. शुक्रवारी आठ वाजता दर अकरा सेकंदांनी एक. शनिवारी दुपारी सात सेकंदांवर आला. मला वाटलं, यंत्र आहे, त्याची काहीतरी चाल असणारच. ऐकायला बरं वाटत होतं हो. दुकान बंद केल्यापासून घरात अशी टिकटिक नव्हती." त्यांनी भिंतीवर बोट टेकवलं. "त्या पोरीला सगळ्यांनी बोल लावला, आणि मी इथे बसून थेंब मोजत होतो."

मास्तर खुर्ची पुढे ओढून बसले. आठ वाजता थेंब पडत होता, म्हणजे नऊ वाजता फ्रिज ढकलणारा मुलगा सुटला. शनिवारी आलेला माणूस तर सुटलाच. "दादा, नीट आठवून सांगा. बबडी गेली तेव्हा थेंब होता?"

"ती चारला गेली. पाच ते सहा मी फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसलो होतो. पहिला बर्फ कधी पडतो ते बघायचं होतं. हसू नका."

"हसत नाही. तेव्हा थेंब?"

"एकही नाही. चिडीचूप."

बबडीचं काम दोन तास चिडीचूप उभं होतं. तिचा नट ढिला नव्हता! मास्तरांच्या छातीवरचा दगड उतरला. म्हणजे सहा ते आठच्या मध्ये कुणीतरी त्या नटाला हात लावला होता.

"त्या दोन तासांत फ्रिजमागे कोण आलं होतं?"

वाटीतला बर्फ दादांनी हलकेच एका बाजूला सरकवला.

"तुम्हीच की, मास्तर," ते हळूच म्हणाले. "साडेसहाला. बॅटरी न्यायला आला होतात."

५

घर दहा मिनिटांवर होतं. त्या दिवशी मास्तरांना अर्धा तास लागला.

सगळं आठवत होतं. फ्रिज हातभर पुढे होता. ते भिंतीला धरून वाकले होते. नळी बघितली, वेढे बघितले, मनात शाबास म्हणाले. मग खिशातून जुना पाना काढला आणि नटाला पाव फेरा दिला. विचार करून नव्हे. चाळीस वर्षं हीच पद्धत होती. शिकाऊ पोराने काम संपवलं की शेवटचा पाव फेरा मास्तरांच्या हातचा. त्याशिवाय काम पूर्ण झालं असं त्यांना वाटतच नसे. पितळेच्या नटांनी तो पाव फेरा निमूटपणे सोसला होता. हा नट प्लॅस्टिकचा होता. तो बोटांनीच आवळायचा असतो.

बबडी खिडकीशी बसली होती. मास्तरांनी खिशातला पाना काढून टेबलावर ठेवला. त्याच्या दातांपैकी एक दात फार वर्षांपूर्वी तुटला होता.

"नट दे, बबडे."

तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि आढेवेढे घेतले नाहीत. पिशवीच्या कप्प्यातून कागदाची पुडी काढून उघडली. नट काठापासून काठापर्यंत चिरला होता. त्याच्या अंगावर दातांचे वळ होते, एकापुढे एक, आणि मध्ये एका दाताची जागा रिकामी.

मास्तरांनी पान्याच्या तुटक्या दातावरून अंगठा फिरवला. "बघताक्षणी ओळखलंस?"

"हा पाना मी पाच वर्षांची असल्यापासून बघतेय, बाबा."

"मग बोलली का नाहीस? बाईंच्या मुलाचं सगळं ऐकून घेतलंस, जमीन पुसलीस, काम सोडायला निघालीस. आणि मी सकाळी तुझ्यासमोर बसून ठणठणीत, ठणठणीत करत होतो!"

"काय बोलू?" बबडीचे डोळे भरले. "तुमचे गुडघे गेले, जिने चढणं गेलं, हाताखालची पोरं गेली. माझ्या मागोमाग येऊन तो पाव फेरा देणं, एवढंच तुमच्याकडे उरलं होतं. तेही मीच काढून घेऊ?"

"म्हणजे दर वेळी येतो ते तुला ठाऊक होतं?"

"बॅटरी काय मी दर खेपेला विसरते? तुम्हाला यायला काहीतरी निमित्त लागतं म्हणून ठेवून येते." ती रडता रडता हसली, मग हसू मावळलं. "पण बाबा, मी थकले. तीन वर्षं झाली. मी केलेलं एकही काम माझं म्हणून पूर्ण झालेलं नाही. तुम्हाला येऊ नका म्हणायला तोंड उघडत नव्हतं. त्यापेक्षा काम सोडणं सोपं वाटलं."

तिच्या कामात खोट काढायला मास्तर कधीच गेले नव्हते. ते चांगलं झालेलं बघायला जायचे आणि बघून झाल्यावर हात तसाच परत आणणं त्यांना जमायचं नाही. हे सगळं त्यांनी तिला सांगितलं, अडखळत, शब्द शोधत. शेवटी म्हणाले, "तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे आधी सांगायला हवं होतं."

बबडीने पदराने नव्हे, सरळ शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "हो," ती म्हणाली. "हवं होतं."

"आता दुकानाचं काय?"

"ते नाही सांगता येत अजून. उद्या बाईंचं काम तेवढं नीट करून देते. दादांना बर्फ नाहीये."

६

मंगळवारी सकाळी बाई, दादा आणि बाईंचा मुलगा बाहेरच्या खोलीत बसले होते. बबडी दाराशी उभी होती. मास्तरांनी चिरलेला नट आणि पाना समोर ठेवला.

"चार वाजता काम संपलं," त्यांनी सुरुवात केली. "सहापर्यंत एक थेंब नाही, दादा साक्षीला आहेत. म्हणजे नट नीट बसवला होता. आठला थेंब सुरू झालेला होता, म्हणजे नऊ वाजता फ्रिज ढकलला त्याने काही बिघडलं नाही. शनिवारचा माणूस मागे गेलाच नाही, बाई साक्षीला आहेत. नटाला पडलेली बारीक चीर दीड दिवस झिरपत राहिली आणि रविवारी सकाळी नट फुटला. ती चीर पडली साडेसहा वाजता. नटावरचे हे वळ बघा आणि या पान्याचे दात बघा."

मुलाने नट पान्याशेजारी धरला. तुटका दात बरोबर रिकाम्या जागेवर आला.

"हा पाना कुणाचा?"

"बाबा, पुरे," बबडी म्हणाली.

"माझा," मास्तर म्हणाले. "त्या नटाला पाना लावायचा नसतो. हे तिच्या लक्षात होतं, माझ्या राहिलं नाही. मी तिला न विचारता तिच्या कामात हात घातला. तुम्ही जे काही तिला बोललात, ते मला बोला. आणि ज्या चार घरांत तिचं नाव घेतलंत, तिथे माझं नाव सांगून या."

मुलाची मान खाली गेली. तो उठला आणि बबडीसमोर जाऊन उभा राहिला. "ताई, चुकलो मी. आजच जाऊन सांगतो सगळ्यांना."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "फळ्या वाळल्या की बसतील, नाही बसल्या तर बदलू," त्या मास्तरांना म्हणाल्या. "तुम्ही आधी बसा. उभं राहवत नाहीये तुम्हाला."

दादा तर कधीच उठून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते.

बबडी आत गेली. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग कॉक बंद झाला, मग नुसती शांतता. बाहेर मास्तर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. आत काय चाललंय ते त्यांना आवाजावरून पावलापावलाने कळत होतं. नळीचं टोक कापलं. नवा नट. बोटांनी आवळला. कॉक उघडला. फ्रिजमध्ये पाणी चढायला लागलं.

बाईंचा मुलगा थोडा वेळ घुटमळला, मग खाकरून म्हणाला, "मास्तर, राग मानू नका, पण मामांचा प्रश्न आहे. तुम्ही एकदा आत जाऊन बघता का? तेवढीच खात्री."

आतला हत्यारांचा आवाज थांबला.

"नको," मास्तर म्हणाले. "तिने बघितलंय."

आवाज पुन्हा सुरू व्हायला जरा वेळ लागला. मग पिशवीची चेन लागली आणि बबडी बाहेर आली. डोळे लाल होते, बाकी ठीक होतं. पहिल्या तीन वेळचा बर्फ फेकायचा, हे तिने दादांना बजावलं. दादांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली.

मग ती वडिलांकडे वळली. पिशवी खांद्यावर होती.

"बाबा, तुम्ही घरी जा. मला अजून एका कामावर जायचंय."

"जा," मास्तर म्हणाले.

कुठे, ते त्यांनी विचारलं नाही.